शिक्क्याचा कागद

सुमित्राच्या बापाला अकरा गावं 'नळीचा डॉक्टर' म्हणायची. डॉक्टर तो नव्हता. पशुधन खात्यात पर्यवेक्षक होता आणि गडहिंग्लजच्या अल्याडपल्याडच्या गाईम्हशी भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनानं गाभण करायचं काम त्याच्याकडं होतं. एम-एटी गाडीच्या मागं नायट्रोजनचं भांडं दोरीनं आवळायचं, गोठ्यात जाऊन झाकण काढायचं, पांढरी वाफ भुईवर सांडायची आणि त्या वाफेतनं चिमट्यानं गव्हाच्या काडीएवढी नळी उपसायची. त्या नळीत वळू असायचा. सबंध वळू, शिंगांसकट, असं लहानपणी सुमित्राला वाटायचं.

बापाचे दोन नेम होते. गाय उलटली, म्हणजे भरवूनही गाभ न राहता पुन्हा माजावर आली, की मालक गाईला शिव्या घालायचा. तेव्हा गुणवंत चौगुले म्हणायचा, "आदी माझी नळी तपास. गाईला का बोलतोस? तिला तोंड न्हाई म्हणून व्हय?" दुसरा नेम असा, की नळीवर वळूचा आकडा छापलेला असतो, तो मोठ्यानं वाचल्याबिगर गाईच्या शेपटाला हात लावायचा नाही. मालकाला ऐकू जाईल असा वाचायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "दारात कोण आलंय ते तिला कळाय नको?"

सुमित्रा भांड्याचं झाकण धरायला बापाबरोबर हिंडायची. बापाच्या जुन्या सूक्ष्मदर्शकात तिनं सातवीत असताना पहिल्यांदा ती वळवळ बघितली आणि तिचा जीव तिथंच अडकला. पुढं ती कोल्हापूरला शिकली, पुण्याला डॉक्टरेट केली आणि दिल्लीतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत लागली. वळूचं सोडून माणसाचं बघायला लागली, एवढाच काय तो फरक. गावात कुणी विचारलं, "सुमी दिल्लीत काय करती?" तर आई सांगायची, "मोजती." काय मोजती, ते विचारलं की आई चुलीकडं वळायची. बाप मात्र चावडीवर छाती काढून सांगायचा, "न जन्मल्याली पोरं मोजती माझी लेक. खानेसुमारीवाल्यांच्या आदी."

दिल्लीत पंचवीस वर्षं गेली. नवरा केंद्राच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होता. लेक केतकी गुरुग्रामला कंपनीत लागली. तिला 'माजावर' म्हणजे काय ते तीनदा सांगूनही कळलं नाही. "यार आई, मतलब मूडमध्ये?" असं विचारायची. गावची बोली सुमित्राच्या तोंडात नुसती पडून राहिली होती, सासरी न्यायला कुणी आलं नाही अशा लेकीसारखी. ती बोली बाहेर काढली फरीदाबादच्या फौंड्रीनं.

झालं असं, की संस्थेला एक अभ्यास मिळाला. भट्टीच्या धगीत बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या गड्यांच्या बीजावर काय परिणाम होतो, तो बघायचा. फरीदाबादच्या त्या फौंड्रीत तीसेक मोल्डर कोल्हापूरकडचे होते. शिरोलीत काम शिकलेली, साच्यात हात बसलेली माणसं. संस्थेची पहिली दोन माणसं हिंदीतनं समजावून आली, तर गड्यांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग सुमित्रा गेली. फौंड्रीच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "आयका. मी गुणवंत चौगुलेची लेक. माझ्या बापानं तुमच्या म्हशी भरवल्यात. मला लाजायचं काय बी कारण न्हाई."

हशा झाला, आणि अठ्ठावीस जणांनी सह्या केल्या. त्यांच्या मागनं तिथले हिंदी गडीही आले.

काम साधंच होतं. दोन्ही पाळ्यांतल्या गड्यांना बाटलीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी. पाळी सुटली की फौंड्रीमागच्या संडासात जायचं, बाटली भरून द्यायची. बाटलीवर नाव नाही, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा, ती वही संस्थेत कुलपात. जवळच एक खोली भाड्यानं घेऊन तिथं सूक्ष्मदर्शक मांडला होता, कारण बाटली तासाभरात तपासावी लागते आणि दिल्लीच्या वाटेवरची बदरपूरची वाहतूक काही तासाचं ऐकत नाही. बाटल्या गोळा करणारा इंद्रजित नावाचा तंत्रज्ञ होता, पलवलचा, चाळिशी उलटलेला, कामाला चोख. त्याला सुमित्रानं शिकवलं होतं, की थंडीच्या दिवसांत बाटली स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायची. बाप नळी गरम पाण्यात धरायचा तसंच.

संध्याकाळच्या पाळीतल्या सात जणांच्या बाटल्या एकाच दिवशी आल्या. मोजणी उत्तम होती, पण प्रत्येक बाटलीत जिन्नस फार थोडा. अर्धा मिलिलिटरही नाही. सुमित्रानं कपाळाला आठी घालून ते टिपलं. संध्याकाळी भट्टी जास्त तापलेली असते. धगीनं ग्रंथी आटत असतील, असं तिनं ताडलं. पुढं तिच्या लेखाचा मुख्य शोध तोच झाला.

त्याच वर्षी संक्रांतीला फरीदाबादच्या मराठी मंडळाची बस पानिपतच्या काला अंबला निघाली. दरवर्षी निघते. तिथल्या लढाईत पडलेल्यांना हात जोडायचे, तिळगूळ खायचा, आणि अंधार पडायच्या आत परत. गड्यांनी सुमित्राला आग्रहानं बोलावलं. बसमध्ये तिच्या शेजारी एक तिशीची बाई येऊन बसली. हिरवी साडी, वर नवऱ्याचा जाडजूड स्वेटर. मोल्डर बळवंतची बायको, स्वरूपा.

बस फरीदाबादच्या धुक्यातनं हमरस्त्याला लागली. तशी ती हळूच म्हणाली, "आक्का, तुम्ही गड्यास्नी तपासताय न्हवं?"

"गड्यास्नी न्हाई गं बाई. मी बाटली तपासतो."

सुमित्राच्या तोंडातनं आपसूक 'तपासतो' आलं, त्यांच्याकडच्या बायका बोलतात तसं. स्वरूपा पदरात तोंड घालून हसली. आणि हसू संपायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग आमच्या ह्येंच्या बाटलीत काय हाय तेवढं सांगा की. सात वर्सं झाली लग्नाला. भट्टीम्होरं उभं राहून राहून ह्येंचं काय जळालं असंल का, ह्योच घोर लागलाय. सासू फोनवर म्हणती, माझ्या लेकाचं काय जळत न्हाई, तुझंच रान खडकाळ हाय."

"तसं सांगता येत न्हाई, स्वरूपा. नेम हाय आमचा."

"नेम देवाचा असतोय, आक्का. तुमचा कसला?"

पानिपत येईस्तोवर सुमित्रा खिडकीबाहेर बघत राहिली. येताना मात्र तिनं हात दाबून सांगितलं, "सोमवारी फोन करतो."

सोमवारी तिनं कुलपातली वही काढली. आकडा एक्केचाळीस, बळवंत. मोजणी मिलिलिटरला सहा कोटी, निम्म्याहून जास्त पळणारी. एवढ्या बीजावर गाव वसलं असतं. तिनं स्वरूपाला फोन करून सांगितलं. स्वरूपा ओरडलीच, "सोनं झालं आक्का! जळालं न्हाई त्येंचं!" सुमित्राला प्रश्न पडला. नवऱ्यात दोष नाही म्हणजे दोष कुठं आला, ते या बाईच्या ध्यानात आलं नाही की आलं आणि तिनं ते बाजूला सारलं?

"तेवढं कागदावर लिवून द्या," स्वरूपा म्हणाली. "ह्येंस्नी दावतो. गडी मनातनं खचलाय. आणि शिक्का मारा, आक्का. आमच्या घरात बिनशिक्क्याचं कोण मानत न्हाई."

सुमित्रानं मराठीत चार ओळी लिहिल्या. बळवंत यांचा नमुना सर्वसाधारण आहे, मूल होण्यास त्यांच्या बाजूनं अडचण दिसत नाही. खाली सही आणि संस्थेचा गोल, जांभळा शिक्का. बाप जिवंत असता तर एकच विचारता, नळीवरचा आकडा कुणी वाचला? पण बाप त्याआधीच गेला होता, आणि लेकीनं आकडा वाचला होता की. एक्केचाळीस. मोठ्यानं नाही, एवढंच.

तो कागद स्वरूपानं प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला. रेशन कार्डासारखा जपला. बायकांच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी तो टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी शिक्का बघितला आणि म्हणाल्या, "अच्छा, पतीचं झालंय. मग आता तुमचं बघू." नवऱ्याला पुन्हा तपासायला कुणी सांगितलंच नाही. सरकारी शिक्क्यापुढं कोण बोलणार?

मग चार वर्षं स्वरूपाचंच बघणं चाललं. नळ्यांत औषध सोडून फोटो. पिशवी खरवडणं. पोटात सुया. महिन्याच्या ठरल्या दिवशी ठरल्या वेळेला नवऱ्यापाशी जायचं, त्याची फौंड्रीतली पाळी असली तरी. मग बेंबीपाशी भोक पाडून दुर्बीण. सगळे रिपोर्ट चांगले येत गेले, आणि प्रत्येक चांगल्या रिपोर्टागणिक तिचं तोंड आणखी उतरत गेलं. काही सापडत नाही म्हणजे दोष फार खोल असणार, असं सासूचं गणित. मधनं मधनं ती सुमित्राला फोन करायची. "आज तिसऱ्यांदा सुई दिली आक्का," असं सांगायची, आणि सुमित्रा म्हणायची, "धीर धर." संस्थेत तिला तेव्हा बढती मिळाली होती. तिचा लेख छापून आला होता, आणि लोक परिषदांत उठून विचारायचे, संध्याकाळच्या पाळीचं हे तुमच्या लक्षात कसं आलं?

लक्षात आलं ते यंदाच्या मार्गशीर्षात.

त्याच अभ्यासाचा पुढचा लेख छापायचा होता. मासिकाच्या परीक्षकांनी अट घातली, की जुन्या काचपट्ट्यांपैकी काही पुन्हा वाचा, आकडे झाकून. पहिल्या वेळी त्या पट्ट्या दोन मदतनिसांनी वाटून वाचल्या होत्या. या वेळी सुमित्रा स्वतः बसली. बाहेर धुरानं दुपारीच सांजावल्यासारखं झालं होतं. पाचव्या पट्टीवर तिला एक गंमत दिसली. शंभरात नऊ बीजं दोन शेपट्यांची. असं क्वचित असतं. नऊ म्हणजे फारच. तिनं टिपून ठेवलं. आठव्या पट्टीवर पुन्हा नऊ. बाराव्या पट्टीवर दहा. चौदाव्या पट्टीवर हात थबकला.

गुराख्याला म्हैस पाठमोरी ओळखता येते. सुमित्रालाही आली. कळपात एकच म्हैस पुन्हा पुन्हा समोरनं चालली होती. उरलेल्याही वाचून तिनं आकडे उघडले. अशा सात पट्ट्या निघाल्या, सगळ्या संध्याकाळच्या पाळीच्या. एकाच दिवसाच्या. त्यात एक्केचाळीस होता.

तिनं इंद्रजितला बोलावलं. दार लावून घेतलं.

"इंद्रजित, त्या दिवशी बाटल्या कुणी दिल्या?"

"मैडम, सबने..."

"माझ्याकडं बघ."

इंद्रजितनं बघितलं नाही. टोपी काढून हातात घेतली. "मैडम, एक संडास, बाहर सात आदमी लाइन में, दरवाज़ा पीट रहे हैं कि जल्दी कर। बारह घंटे की ड्यूटी के बाद किससे होता है? एक राजीव भैया से हो गया। तीन बच्चों का बाप है। फिर सबने बाँट लिया।"

"वाटून घेतलं," सुमित्रा म्हणाली. चहा वाटून घ्यावा तसं. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिलिलिटरही नाही. म्हणजे ग्रंथी आटल्या नव्हत्या. धगीनं काही झालं नव्हतं. एकाची भाकरी सातांत मोडली होती, आणि तिनं ते तुकडे मोजून शोध लावला होता.

"तुला ठाऊक होतं?"

"शक था, मैडम। पर आप इतनी खुश थीं।"

संस्थेच्या प्रमुख डॉ. मीनाक्षी होत्या. सुमित्रा त्याच दिवशी त्यांच्यापुढं जाऊन बसली. मीनाक्षींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, लेख मागं घ्यावा लागेल, बघू, रीतसर करू. तोवर ठीक होतं. मग सुमित्रानं कागदाचं सांगितलं.

"शिक्का मारून दिलास? नावानिशी?" मीनाक्षींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही."

"शिक्का आणून दे माझ्याकडे. आणि चौकशी संपेपर्यंत संस्थेच्या नावानं कुणाला एक ओळ लिहायची नाही. त्या बाईलाही नाही."

सुमित्रानं खणातनं शिक्का काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. इतका हलका असतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात स्वरूपाचा फोन आला. या वेळी सुईचं काही नव्हतं. "आक्का, सासू आलीया. संक्रांत झाली की मला गावाकडं नेणार. म्हणती, चल थोडे दिवस हवापालटाला. मला कळतंय कसली हवा ती. ह्येंच्यासाठी दुसरी बघाय लागल्यात." मग म्हणाली, "तुमच्या वळखीत आणि कोण मोठा डॉक्टर हाय का? येक डाव शेवटचा करून बघतो."

सुमित्राला तेव्हाच सांगायचं होतं. पण तिनं विचार केला, आधी बळवंतची खरी बाटली हातात येऊ दे. मग काय ते एकदाच सांगता येईल. नुसतं 'आधीचं खोटं' सांगून त्या बाईच्या हातात काय पडणार?

फौंड्रीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर तिनं बळवंतला गाठलं. काळा पडलेला, खांद्यानं रुंद गडी. भुवया धगीनं कायमच्या विरळ झालेल्या. तिला बघून त्यानं चहा मागवला, फळकुटावरची धूळ गमछानं झाडली.

"बळवंत, ती बाटली तुझी न्हवती."

"कुठली, म्याडम?"

"एक्केचाळीस नंबर."

त्यानं चहाचा घोट घेतला. लांबवला. मग म्हणाला, "आत्ता कळलं व्हय तुमास्नी? आख्ख्या पाळीला म्हाईत हाय. राजीवभैयाला त्या दिवशी आमी जिलबी चारली."

"मग कागद आला तवा बोलला का न्हाईस?"

"कागद मी मागितला न्हवता. तुमी दिलासा. आयती आब्रू चालत दारात आली, तर माघारी कोण धाडतंय?"

"चार वर्सं ती सुया टोचून घेतीया. पोटाला भोकं पाडली तिच्या. तू बघत बसलास."

फाटकातनं हातगाडी गेली, तिचा खडखडाट संपेपर्यंत बळवंत खालीच बघत होता.

"उद्या दे," सुमित्रा म्हणाली. "खरी दे. दारात कोण उभं राहणार न्हाई. मी स्वता तपासतो, कुणाला कळणार न्हाई. चांगली निघाली तर देवच पावला. न्हाई निघाली तर त्यावर बी औषध असतंय, बळवंत."

"आन् शून्य निघालं तर?"

"तर तेवढं खरं तरी हुईल."

"तुमचं खरं हुईल." त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यात बघितलं. "म्याडम, बारा तास मी वितळल्या बिडाच्या रसाम्होरं हुबा ऱ्हातो. मुकादम आयमाय काढतोय, ते ऐकून घेतो. घरात गेलो की माझ्यापाशी तेवढा येक कागद हाय. त्यो बी फाडू व्हय?"

"आणि दुसरी आणल्यावर ती बी उलटली तर?"

"जनावरं न्हाई आमी."

"जनावराच्या नळीवर आकडा तरी खरा असतोय, रं," सुमित्रा म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच लागलं, कारण आकडा चिकटवला होता तिनंच.

बळवंत उठला. चहाचे पैसे त्यानंच दिले, तिला देऊ दिले नाहीत. जाताना मागं न बघता बोलला, "तिला काय बी सांगू नका. जाऊ दे सुखानं."

संक्रांतीची बस धुक्यात निघाली. सुमित्रा गेली. मीनाक्षींनी लिहायची बंदी केली होती, तोंडाची नव्हती, अशी तिनं आपल्या मनाची समजूत घातली. स्वरूपाला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं. पण सासू तिच्या शेजारी अशी चिकटून बसलेली, जसा बाजारात नेताना गाईचा कासरा हाताला गुंडाळून धरावा. सासू मोठी बोलकी. सगळ्या बसला सांगत होती, "सून लई गुणाची. देवानं येकच कमी केलं बघा."

काला अंबला उतरल्यावर गडीमाणसं स्मारकाच्या खांबाकडं गेली. कुणी पागोटी बांधली होती, कुणी मोबाइल वर धरून फिरत होतं. बायका नळापाशी हात धुवायला जमल्या. सुमित्रानं बघितलं, की आता नाही तर कधीच नाही.

"स्वरूपा," ती म्हणाली, "मी तुला दिल्याला कागद खोटा हाय."

नळ चालू होता. स्वरूपा ओल्या हातानंच वळली. "कुठला कागद?"

"शिक्क्याचा. त्यात ह्येंची बाटली न्हवती. एकाची बाटली सात जणांनी वाटून दिली, आणि मी ती बळवंतची म्हणून मोजली. चूक माझी हाय. मी बघायला पायजे हुतं."

दोनचार बायका हात पुसायच्या थांबल्या. सासू म्हणाली, "काय म्हणती ही? कुणाचं काय वाटून घेतलं?" एकीनं तिच्या कानात सांगितलं. म्हातारीचं तोंड लाल झालं. "या बया! शिक्क्याचा सरकारी कागद खोटा, आन् हिचं तोंड खरं व्हय? पोरीनं पढवून आणलीया हिला! बळवंता! आरं ए बळवंता!"

बळवंत दहा पावलांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो तिळाच्या वडीवरचा कागद सोलत राहिला, इतका वेळ, की कागद संपून वडीही सोलून झाली असती.

स्वरूपानं त्याच्याकडं बघितलं. बघितलं तेवढ्यात तिला कळलं. बाईला कळतं. ती सुमित्राकडं वळली.

"म्हंजी ह्येंच्यात दोष हाय."

"ते मला म्हाईत न्हाई."

"मग माझ्यात हाय?"

"ते बी म्हाईत न्हाई, स्वरूपा. ह्यो खरी बाटली देत न्हाई. दिल्याबिगर कुणालाच कळणार न्हाई."

"चार वर्सं," स्वरूपा म्हणाली. तिनं ओला हात साडीवरनं बेंबीपाशी नेला, मग डावीकडं, मग उजवीकडं, बोटानं जागा दाखवाव्यात तशा. "हितं येक. हितं येक. हितं येक. आणि तुमास्नी म्हाईत न्हाई."

सुमित्राला वाटलं, रडेल, शिव्या देईल. गाय उलटली म्हणून बापानं एकदा पाटलांचे जोडे खाल्ले होते, तिला जोडा चालला असता. स्वरूपानं नळ बंद केला आणि पदराला हात पुसत बसकडं चालू लागली.

तिसऱ्या दिवशी सासू तिला घेऊन निझामुद्दीनवरनं कोल्हापूरच्या गाडीत बसली. फौंड्रीत चार दिवस कुजबुज झाली, मग सात जणांनी मिळून ठरवलं, की असं काही झालंच नव्हतं, म्याडमचं डोकं फिरलंय. मंडळाच्या माणसांनी सुमित्राला फोन करणं सोडलं. लेख मागं घेतला गेला. चौकशीचा निकाल लागायचाय. तोवर तिला संस्थेच्या ग्रंथालयात मोजदादीला बसवलंय. निवृत्तीला दीड वर्ष आहे. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे ती मोठ्यानं वाचते. ग्रंथपालाला सुरुवातीला हसू यायचं, आता त्रास होतो.

फेब्रुवारीच्या अखेरीला स्वरूपाचा फोन आला. सासरी तिला चारच दिवस ठेवलं. आता ती भावाकडं होती. आवाज कोरडा. "आक्का, आधीचा कागद खोटा हुता येवढं मला लिवून द्या. चार माणसं बसणार हाईत आमच्यातली. सासूनं त्यो प्लास्टिकचा कागद आणून ठेवलाय म्होरं. माझ्याकडं काय तरी पायजे ठेवायला."

मीनाक्षींची बंदी होतीच. सुमित्रानं दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं. संस्थेचा कागद नाही, वहीचं पान. आधी दिलेला दाखला चुकीचा होता. तो नमुना बळवंत यांचा नव्हता. दोष कुणात आहे, हे तपासलं गेलेलं नाही. चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. रजिस्टर्ड टपालानं पाठवून दिलं.

नवव्या दिवशी फोन वाजला तेव्हा ती फडताळाच्या खालच्या कप्प्यात वाकली होती.

"मिळाला कागद," स्वरूपा म्हणाली.

"वाचलास?"

"भावानं वाचला. बैठकीत बी वाचला. चांगलं लिवलंय." मागं कुणीतरी धान्य पाखडत होतं, सुपाचा आवाज येत होता. "त्येनी इचारलं, शिक्का कुठं हाय?"

"शिक्का काढून घेतलाय माझ्याकडनं."

"मी बी तेच सांगितलं. तर म्हणाले, ज्या बाईचा शिक्का काढून घेतलाय तिचं काय खरं धरायचं." सूप थांबलं. "सोडचिठ्ठीवर अंगठा घ्यायला आले हुते. मी म्हणलं, सही येती मला. सही केली."

सुमित्रा जमिनीवरच बसली. चूक झाली हे सांगून झालं होतं.

"ह्येंची सुपारी बी फुटली काल," स्वरूपाच पुढं म्हणाली. "हलकर्णीची पोरगी हाय. एकोणीस वर्साची. वैशाखात लगीन, मग फरीदाबादला."

"नाव काय तिचं?"

पलीकडं सूप पुन्हा सुरू झालं.

"बाटली कुणाची ते इचारलं न्हाई, आत्ता नाव इचारताय व्हय, आक्का," स्वरूपा म्हणाली, आणि फोन ठेवला.